वजन घटवण्याचा रिॲलिटी शो बघून सोसायटीत स्पर्धा ठेवताय? काटा नेमकं काय मोजतो?

तळजाईकर

नेटफ्लिक्सवर ऑगस्ट २०२५ मध्ये 'द बिगेस्ट लूझर' या वजन घटवण्याच्या अमेरिकन रिॲलिटी शोवरची तीन भागांची डॉक्युमेंटरी आली आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला विषय मिळाला. जुने सीझन शोधून बघणारेही निघालेत. त्यातून टूम अशी की पुण्याच्या सहकारनगरातल्या आमच्या सोसायटीत जानेवारीपासून १२ आठवड्यांची स्पर्धा घ्यायची. दर रविवारी क्लब हाउसमध्ये सगळ्यांसमोर वजन, टक्केवारीवर नंबर, माणशी ५०० रुपये वर्गणी आणि जमलेली सगळी रक्कम पहिल्या नंबराला.

प्रेक्षक म्हणून माझं मत सांगतो. शो बांधलाय जबरदस्त, एकदा बसलं की रिमोट हातात घ्यावासा वाटत नाही. पण आठवड्याला पाच-सहा किलो हा प्रकार पचनी पडत नाही, आणि ट्रेनर लोक दीडशे किलोच्या माणसाच्या कानाशी ज्या पट्टीत ओरडतात ते बघून आपल्यालाच घाम फुटतो.

जाणकारांना विचारायचं ते असं. ते आकडे खरे असतात का? टक्केवारीचा नियम सगळ्यांना सारखा न्याय देतो का? आणि आमच्या स्पर्धेचे नियम कसे ठेवावेत, म्हणजे कुणाला ॲडमिट करायची वेळ येणार नाही? 'व्यायाम करा, कमी खा' छापाची उत्तरं नकोत, ती ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाच्या फुलासकट येतात.

कॅमेऱ्यामागचा

स्टेजवरचा तो भलाथोरला काटा म्हणजे सेटचा एक भाग. स्पर्धकांनीच नंतर सांगितलंय की खरं वजन आधी वेगळ्या काट्यावर घेतलेलं असायचं. कुठलाही धड इलेक्ट्रॉनिक काटा दोन-तीन सेकंदांत स्थिरावतो. टीव्हीवर आकडा खालीवर नाचतो आणि मध्येच जाहिरात लागते, ते काम एडिटरचं.

'आठवडा' हाही तसा टीव्हीचाच. दोन वजनांमध्ये दर वेळी सातच दिवस नसायचे, कधी बरेच जास्त दिवस जायचे, हे माजी स्पर्धकांनी मुलाखतींत सांगितलंय. बघणारा मात्र सातानेच भागतो आणि मग स्वतःच्या अर्ध्या किलोवर चिडतो.

आता टक्केवारी. किलोवर नंबर दिले तर सगळ्यात जाडा माणूस दर वेळी जिंकणार, म्हणून टक्के. १६० किलोंचा माणूस ४ किलो उतरला तर २.५ टक्के, ९० किलोंची बाई अडीच किलो उतरली तर २.७८ टक्के, म्हणजे ती पुढे. दिसायला न्याय्य आहे. पण १६० वाल्याच्या अंगावर जादा ८० किलो आहेत आणि ९० वालीच्या अंगावर ३०. जसजसे आठवडे जातात तसतसा दुसरीचा साठा संपत येतो आणि तेवढेच टक्के काढायला तिला पाणी आणि स्नायू खर्ची घालावे लागतात. शिवाय पुरुषांचं वजन सुरुवातीला भराभर उतरतं, बायकांचं मासिक पाळीच्या आधी पाण्यामुळे किलो-दीड किलो वर जाऊ शकतं. तोच नेमका वजनाचा रविवार असला की बाईसाहेब पिवळ्या रेषेखाली, म्हणजे बाद होऊ शकणाऱ्यांत, आणि घरी जाण्याची टांगती तलवार.

आणि खेळी बघा. या आठवड्यात आपण सुरक्षित आहोत हे कळलं की काही जण मुद्दाम लिटरच्या लिटर पाणी पिऊन वजन वाढवून घ्यायचे. पुढच्या आठवड्यात ते पाणी उतरलं की भरघोस टक्केवारी. यात चोरी काहीच नाही, नियमच तशी बुद्धी देतो.

कळस झाला फेब्रुवारी २०१४ मध्ये. पंधराव्या सीझनची विजेती ११८ किलोंवरून ४७.६ किलोंवर आली, ५९.६२ टक्के. ती मंचावर आली तेव्हा ट्रेनरचे चेहरे बघण्यासारखे होते. अडीच लाख डॉलरचं बक्षीस, अंतिम फेरीआधीचे काही महिने स्पर्धक आपापल्या घरी, आणि 'याच्या खाली जायचं नाही' अशी मर्यादाच नाही. मग दुसरं काय होणार?

हिंदीतही २००७ मध्ये सहारा वनवर सुनील शेट्टीला घेऊन याची आवृत्ती काढली होती. आज ती कुणाच्या लक्षात नाही.

आहारगणित

आकडे खरे की खोटे याचं उत्तर: काट्याच्या दृष्टीने बरेचसे खरे, चरबीच्या दृष्टीने निम्मेशिम्मे. हिशोब मांडतो.

यकृतात आणि स्नायूंत मिळून सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजन, म्हणजे साठवलेली साखर असते आणि त्याचा एकेक ग्रॅम साधारण ३ ग्रॅम पाणी धरून बसतो. खाणं एकदम कमी केलं आणि व्यायाम वाढवला की तीन-चार दिवसांत हा साठा बराचसा रिकामा होतो. दीड ते दोन किलो इथेच गेले. पुढे मीठ. सलाईनच्या बाटलीवर ०.९ टक्के छापलेलं असतं, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम. शरीर मिठाचं पाणी जवळपास त्याच प्रमाणात राखतं. लोणचं, पापड, फरसाण, बाहेरची मिसळ बंद झाली आणि अंगातलं ९ ग्रॅम जादा मीठ बाहेर पडलं की लिटरभर पाणी, म्हणजे एक किलो, त्याच्याबरोबर जातं. खाणंच कमी झाल्यामुळे आतड्यातला ऐवजही घटतो. पहिल्या आठवड्याच्या त्या थरारक आकड्यात हे सगळं असतं.

उरलेल्यात चरबी किती? एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. दीडशे किलोंच्या माणसाचं शरीर नुसतं पडून राहिलं तरी दिवसाला २६०० च्या आसपास जाळतं. त्यावर पाच-सहा तासांचा व्यायाम आणि बाकीची हालचाल धरली तर ६००० च्या पुढे. खाणं १५०० चं. रोजची तूट ४५००, आठवड्याची ३१,५००, म्हणजे सुमारे ४ किलो. तेव्हा अवाढव्य माणसाच्या बाबतीत चार किलो खरोखर शक्य आहेत, फक्त त्यासाठी नोकरी, घर, पोरंबाळं सोडून शोच्या रँचवर, स्पर्धकांना ठेवतात तिथे, जाऊन राहावं लागतं.

आता सहकारनगरातला ८५ किलोंचा माणूस घ्या. बसल्या जागेचा खर्च १६५०, ऑफिस आणि तासभर चालणं धरून २३००. खाणं १७०० वर आणलं तर तूट ६००, आठवड्याला ४२००. साडेपाचशे ग्रॅम! हा आकडा चांगला आहे, पण टीव्हीसमोर बसून बघितला की फुसका वाटतो. मला त्या शोवर मुख्य राग आहे तो यासाठी. त्याने लोकांची मोजपट्टीच बिघडवली.

घाईची किंमतही सांगतो. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगाने वजन उतरायला लागलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. यकृत जादा कोलेस्टेरॉल पित्तात सोडतं आणि खाण्यात स्निग्ध पदार्थच नसल्यामुळे पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही, पित्त आत साचून राहतं. प्रथिनं कमी पडली की स्नायू जातात, आणि काटा चरबीचा किलो आणि स्नायूचा किलो यात भेद करत नाही. सवय नसलेल्याने एकदम अमानुष व्यायाम केला तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडावर येतं. लघवी चहाच्या रंगाची झाली तर 'शरीरशुद्धी होतेय' म्हणत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आणि नंतरचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तेव्हा असलेल्या केव्हिन हॉल यांच्या गटाने आठव्या सीझनच्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, निष्कर्ष २०१६ मध्ये आले. सरासरी वजन १४९ किलोंवरून ३० आठवड्यांत ९१ वर आलेलं, सहा वर्षांनी १३२. बसल्या जागेचा खर्च २६०७ कॅलरींवरून १९०३ वर. शरीर लहान झालं म्हणून खर्च थोडा कमी होणारच, पण तो हिशोब वजा करूनही दिवसाला सुमारे ५०० कॅलरींची काटकसर उरली. म्हणजे त्याच वजनाच्या दुसऱ्या माणसापेक्षा यांनी रोज दोन-अडीच भाकऱ्या कमी खायच्या, तेव्हा कुठे वजन जागच्या जागी. त्यात लेप्टिन हे पोट भरल्याची खबर देणारं संप्रेरक स्पर्धा संपताना मिलिलिटरला ४१ नॅनोग्रॅमवरून अडीचवर घसरलेलं. सहा वर्षांनीही ते २८ च्या आतच. त्या सीझनचा विजेता १९५ किलोंवरून ८७ वर आला होता, पुढे तो १३० च्या वर गेला. त्याची काटकसर तर ८०० कॅलरींची निघाली.

नारायणपेठी

म्हणजे तात्पर्य, १२ आठवडे उपाशी राहून शेजारच्या विंगचे पैसे जिंकायचे आणि ते पैसे घेऊन मस्तानी प्यायला जायचं. चालू द्या.

शंकासुर

आहारगणित, आकडे बरोबर आहेत, पण त्यातून सगळीकडे जो अर्थ काढतात तो चुकीचा आहे आणि इथेही तोच निघतोय. 'चयापचय मोडलं म्हणून वजन परत आलं' असं तो अभ्यास सांगत नाही. ज्यांचं वजन सहा वर्षांनीही कमी राहिलं होतं त्यांच्यातच ही काटकसर जास्त दिसली. ज्यांनी सगळं परत कमावलं त्यांच्यात कमी. स्पर्धा संपताना कुणाचा खर्च किती घसरला होता, त्यावरून पुढे कुणाचं वाढणार हे सांगता येत नव्हतं. हॉल यांनी नंतर स्वतःच या निष्कर्षांची फेरमांडणी केली: रोजची हालचाल प्रचंड वाढवली की शरीर दुसरीकडे हात आखडता घेतं, असा तो विचार आहे. वर मुळात माणसं १४.

याच लोकांवर २०१७ मध्ये आलेला दुसरा निबंध कुणी वाचत नाही. वजन टिकवलेल्या गटाने स्पर्धेआधीच्या तुलनेत शारीरिक हालचाल १६० टक्क्यांनी वाढवलेली होती, परत वाढलेल्यांनी ३४ टक्क्यांनी. दोन्ही गटांच्या खाण्यातला फरक त्यामानाने किरकोळ. टिकवण्यासाठी लागणारी हालचाल होती रोज साधारण ८० मिनिटं मध्यम किंवा ३५ मिनिटं जोराची. आठवड्यातून तीनदा जिम या हिशोबात बसत नाही, रोज तळजाई टेकडीची फेरी मात्र बसते.

शिवाय सहा वर्षांनी १४९ चे १३२ म्हणजे सुमारे १२ टक्के अजून कमीच आहेत. तुलनेसाठी 'लुक अहेड' हा अमेरिकेतला मोठा अभ्यास घ्या. ५१४५ मधुमेही, २००१ पासून, १२०० ते १८०० कॅलरींचा आहार, आठवड्याला १७५ मिनिटं व्यायाम, आरडाओरडा शून्य. पहिल्या वर्षी ८.६ टक्के घट, आठव्या वर्षाअखेर ४.७. तेव्हा 'शो म्हणजे नुसता फसवणुकीचा धंदा' असं म्हणून हात झटकता येणार नाही. अपमान करणं वाईट, स्टेजवरचं वजन वाईट, पण रोज घाम गाळणं वाईट नव्हतं.

एक गोष्ट पुण्यात राहून विसरू नये. टीव्हीवरचे अमेरिकन दीडशे किलोंचे असतात म्हणून ७२ किलोंचा माणूस स्वतःला सडपातळ समजतो. इथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. युडकिन या दोघांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) सारखाच, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्याकडे म्हणूनच बीएमआय २३ ला जादा वजन आणि २५ ला लठ्ठपणा धरतात, कंबर पुरुषांत ९०, बायकांत ८० सेंटिमीटर. तुमच्या सोसायटीत निम्मे लोक काट्यावर 'नॉर्मल' आणि टेपवर नापास निघतील. निव्वळ वजनावर नंबर देणार असाल तर त्यांच्यासाठी स्पर्धेत काहीच नाही.

काटेकोर

नियमांचं कुणी बोललं नाही, मी बोलतो.

काटा आधी. स्नानगृहातले पाचशे-सातशेचे काटे वाईट नसतात, वापर वाईट असतो. सतरंजीवर, योगा मॅटवर, पेव्हर ब्लॉकवर ठेवू नका. चारही पायांखाली घट्ट सपाट फरशी हवी, नाहीतर लोड सेलवर, म्हणजे आतल्या भार मोजणाऱ्या भागावर, भार तिरका येतो आणि आकडा किलो-दोन किलो इकडेतिकडे होतो. जागा एकच ठरवा, फरशीवर पायांच्या चार खुणा करा. तपासणीला पाण्याचा २० लिटरचा जार चालत नाही, जार कधीच काठोकाठ नसतो. जिममधल्या २० किलोंच्या चार प्लेटा आणा, कारण ८० च्या आसपासच तुम्हाला अचूकता हवी आहे. आधी मधोमध, मग एकेका कोपऱ्याकडे सरकवून बघा. फरक २०० ग्रॅमच्या वर गेला तर काटा बदला. प्लेटाही छापल्याबरहुकूम असतीलच असं नाही, पण स्पर्धेला फरक मोजायचाय, तेव्हा दर वेळी त्याच प्लेटा वापरल्या की झालं. पायाखालून करंट सोडून चरबीचे टक्के सांगणाऱ्या काट्यांवर बक्षीस अजिबात ठेवू नका. दोन ग्लास पाणी, ओले तळपाय, नुकताच झालेला व्यायाम, यातल्या कशानेही तो आकडा हलतो.

दर रविवारी सगळ्यांसमोर वजन हा प्रकार मुळातच काढून टाका. शनिवारी संध्याकाळपासून लोक पाणी बंद करणार, जाड स्वेटर घालून जिना चढणार, दोन-चार कप कोरी कॉफी पिणार. जानेवारीत निभावेल, मार्चच्या उन्हात कुणीतरी जिन्यातच बसेल. त्याऐवजी रोज सकाळी घरीच, उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच हलक्या कपड्यांत वजन. काट्याचा फोटो विंगच्या एका माणसाकडे. सात दिवसांची सरासरी हा त्या आठवड्याचा आकडा. एका दिवसाच्या पाण्याची लबाडी सरासरीत सातात वाटली जाते, आणि रोज तीच लबाडी करायची तर माणूस स्वतःच कंटाळतो. महिन्यातून एकदा क्लब हाउसच्या काट्यावर पडताळा, तोही पडद्याआड.

सुरुवातीचं वजन ही दुसरी पळवाट. पहिल्या दिवशी दोन लिटर पाणी आणि मिसळ चापून काट्यावर उभं राहायचं, आणि आठवड्यात तीन किलो 'घटवायचे'. म्हणून पहिला आठवडा हिशोबातच धरू नका. दुसऱ्या आठवड्याची सरासरी हा पाया, बाराव्याची सरासरी हा शेवट. ग्लायकोजन आणि मिठाचं पाणी बरंचसं तोवर गेलेलं असतं. दहा आठवड्यांत पायाच्या ५ टक्के उतरले की पूर्ण गुण. सहा उतरले तरी तेवढेच, दहा उतरले तरी तेवढेच. कुणाची सरासरी सलग दोन आठवडे दीड टक्क्याहून जास्त घसरली तर गुण कापा आणि त्याला फोन करून विचारा काय चाललंय.

वजनाला ४० गुण, कंबरेला ३०, चालण्याला ३०. ज्यांचा बीएमआय २३ च्या आत आहे त्यांना वजनाचे गुण ठेवूच नका, त्यांचा हिशोब कंबर आणि चालणं एवढ्यावरच. कंबर म्हणजे पँट जिथे बांधता ती जागा नाही. शेवटची फासळी आणि नितंबाच्या हाडाची वरची कड, या दोन्हींच्या बरोब्बर मधोमध. टेप जमिनीला समांतर, श्वास सहज सोडल्यानंतर, पोट आत न ओढता. दोनदा मोजा, एक सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. मोजणारी व्यक्ती बारा आठवडे तीच, बायकांना बाईने मोजावं.

वर्गणीचे पैसे पहिल्याला देऊ नका. आपल्याला लागू असलेल्या गुणांपैकी ७० टक्के ओलांडतील त्या सगळ्यांत सारखे वाटा. हाव एकट्याची असली की माणूस उपाशी राहतो.

आणि हे फॉर्मवर ठळक छापा: गरोदर, स्तनपान करणाऱ्या, १८ च्या आतले, खाण्याच्या विकाराचा इतिहास असलेले, यांना प्रवेश नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी खाणं कमी केलं आणि डोस तोच ठेवला तर साखर खाली जाते, चक्कर येते, कधी शुद्धही हरपते. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या मधुमेहाच्या गोळ्यांवर उपाशी राहणं किंवा कर्बोदकं पार बंद करणं याने कीटोॲसिडोसिस (रक्तात घातक प्रमाणात आम्ल साठणं) होऊ शकतो, तोही साखर फारशी वाढलेली नसताना. ब्लड प्रेशरसाठी लघवीची गोळी चालू असेल तर वजन उतरता उतरता प्रेशर जादा खाली येतं. या सगळ्यांनी आधी डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्यायचा, मग अर्ज.

तळजाईकर

काटेकोर, तुमचं उत्तर जसंच्या तसं कमिटीपुढे ठेवतोय. पैसे वाटून देण्यावरून भांडण होणार, पण होऊ दे. दोन शंका राहिल्या. स्पर्धेच्या मधोमध संक्रांत आणि महाशिवरात्र येतेय. आणि बी विंगच्या काकांचं म्हणणं आहे की रोज पर्वती दोनदा चढली की खाण्याकडे बघायचीच गरज नाही. वजन त्यांचं १०५.

आहारगणित

काकांना हा हिशोब दाखवा. १०० किलोंचा माणूस १०० मीटर उंची चढला की निव्वळ चढण्याचं काम २३ कॅलरींचं. स्नायूंची कार्यक्षमता पंचवीस टक्के धरली तर शरीराचा खर्च ९० ते ९५. सपाटीवर चालताना किलोमागे, किलोमीटरमागे सुमारे अर्धी कॅलरी जादा जळते, म्हणजे याच माणसाची ५ किलोमीटरची फेरी २५० ची. पर्वतीच्या पायऱ्या १०३, उंची काही शंभर मीटर नाही. दोनदा चढून उतरून खाली आल्यावर एक वडापाव हाणला की काका जिथे होते तिथेच, किंवा थोडे पुढे. शंकासुर म्हणाले ते खरंच, हालचाल वजन टिकवायला लागतेच, पण उतरवायचं काम ताटातूनच होतं.

संक्रांतीची गूळपोळी: कणीक ३५ ग्रॅम १२०, गूळ ३० ग्रॅम ११५, तीळ ८ ग्रॅम ४५, वरून चमचाभर तूप ४५. एक पोळी सव्वातीनशेच्या आसपास. एक खा, आमटी-भाजीबरोबर जेवणातच धरा, जेवणानंतरची म्हणून नको. महाशिवरात्रीचा धोका जास्त, कारण त्याला 'उपास' म्हणतात. साबुदाणा ६० ग्रॅम २१०, दाण्याचं कूट २५ ग्रॅम १४०, तूप दोन चमचे ९०, बटाटा ४०. एक ताटली ४८०, आणि प्रथिनं कुटातली सहा-सात ग्रॅम, साबुदाण्यात जवळपास नाहीतच. दोन तासांत पुन्हा भूक. उपास करायचाच तर वरीचे तांदूळ मोजून, बरोबर वाटीभर दही आणि ताक. एरवीच्या दिवसांत प्रथिनं वजनाच्या किलोला १.२ ग्रॅम तरी पडावीत. शाकाहारी घरात ते वरणाच्या वाटीने भागत नाही. मटकीची उसळ, पनीर, दही, सोयाबीन, दोन्ही जेवणांत काहीतरी ठरवून घ्यावं लागतं. तेलाला पळी बंद, मोजायचा चमचा चालू. पंधरा मिलिलिटरला १२० कॅलरी, आणि फोडणीत पळी तिरकी झाली की दोन चमचे कधी गेले कळत नाही.

शंकासुर

आणि १०५ किलोंवर पर्वतीचा खरा प्रश्न उतरण्याचा आहे. चढताना दम लागतो म्हणून माणूस आपोआप थांबतो. उतरताना दम लागत नाही, म्हणून धावतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय धरतात ते त्यामुळे, आणि गुडघ्याच्या वाटीवर वजनाच्या कितीतरी पट दाब येतो. पहिले तीन आठवडे काकांना सारसबागेभोवती सपाटीवर चालू द्या, १५ मिनिटांपासून, दर आठवड्याला ५-५ मिनिटं वाढवत. वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग. सोबत घरी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहाचे दोन गट, एक दिवसाआड. चौथ्या आठवड्यात पर्वती एकदा, उतरताना बाजूने हळू, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, किंवा सकाळी उठल्यावर अर्ध्या तासानंतरही आखडलेला राहिला, तर पुन्हा सारसबाग. मार्च लागला की नऊच्या आत घरी.